स्पॅनिश शब्द कुठे तोडायचा, जोर कुठे द्यायचा?

वाचकाचं पत्र: “मी स्पॅनिशच्या देले परीक्षेच्या ए-२ पातळीची तयारी करते आहे. शब्दसंग्रह बरा आहे, क्रियापदं जमतात, पण शब्द तोडायचे म्हटलं की गोंधळ होतो. ‘एस्तास्योन’ (स्थानक) मी ए-स्ता-सि-ओन असा तोडला, चूक. ‘तेआत्रो’ (नाट्यगृह) ते-आत्-रो असा तोडला, तोही चूक. ‘होबेन’वर (तरुण) तिरकी रेघ नाही आणि त्याच्याच अनेकवचनावर आहे, असं का? बोलताना शिक्षक सारखं म्हणतात, ‘जोर चुकला’. मराठीत कुठे असा जोर द्यावा लागतो? हे सगळं पाठ करायचं की समजून घ्यायचं?” (एक वाचक, नाशिक)

समजून घ्यायचं. पाठ करण्यासारखं यात फार थोडं आहे. तुमच्या दोन चुकाही बिनकारणाच्या नाहीत. पहिली देवनागरी वाचणाऱ्या डोळ्याने केली आहे, दुसरी मराठी कानाने.

आधी खुणांबद्दल. इथे स्पॅनिश शब्द देवनागरीत दिले आहेत, तुम्ही वहीत रोमनमध्येच लिहा. ज्या तुकड्यावर जोर आहे त्याच्या आधी ˈ अशी उभी खूण आहे. स्पॅनिशमध्ये ह्रस्व-दीर्घ असा भेद नाही, म्हणून इ आणि उ सगळीकडे ह्रस्वच लिहिले आहेत. उच्चार लॅटिन अमेरिकेच्या धाटणीचे आहेत. स्पेनच्या बऱ्याच भागात जिथे थ ऐकू येतो, तिथे इथे स दिसेल. तिरक्या रेघेला स्पॅनिशमध्ये ‘तिल्दे’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

आता पहिली चूक. देवनागरीत व्यंजनं पुढच्या स्वराला चिकटवून लिहितात, म्हणून ‘स्ता’ हे एकच अक्षर दिसतं आणि आपण त्याच्या आधी कापतो. पण शाळेत वृत्तं शिकताना लघू-गुरू मोजलेले आठवा. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू धरायचं, कारण जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन मागच्या अक्षरावर आदळतं. ‘मस्त’ लिहितो म-स्त, पण कान ऐकतो मस्-त. स्पॅनिश तोडताना हाच कान वापरायचा: एस्-ता-ˈस्योन्. एकही स्पॅनिश तुकडा स आणि दुसरं व्यंजन अशा जोडीने सुरू होत नाही. शब्दाच्या सुरुवातीला तशी जोडी येणार असेल तर ही भाषा आधी ए लावते, म्हणून एस्पान्या, एस्क्वेला (शाळा). तेव्हा तुमच्या वहीत ‘स्त’, ‘स्प’, ‘स्क’ने सुरू होणारा तुकडा दिसला की तो चुकलाच समजा.

हाच कान दुसऱ्या ठिकाणी मात्र दगा देतो. ‘पुत्र’मधला पु आपण गुरू धरतो, म्हणजे त मागे ऐकतो. त्याच सवयीने तुम्ही ते-आत्-रो केलं. स्पॅनिशमध्ये बारा जोड्या सहसा फुटत नाहीत, आणि पाठ करायच्या त्या एवढ्याच: प्ल, ब्ल, फ्ल, क्ल, ग्ल आणि प्र, ब्र, फ्र, क्र, ग्र, त्र, द्र. दुसरं व्यंजन ल किंवा र आहे आणि पहिलं या यादीतलं आहे, तर दोन्ही पुढच्या स्वराकडे जातात. म्हणून ते-ˈआ-त्रो, ˈपा-द्रे (वडील), ˈलि-ब्रो (पुस्तक), आ-ˈब्लार् (बोलणे), मा-ˈद्रिद्. मराठीतही असा अपवाद आहेच. ‘तुम्ही’ म्हणताना म्ह चा आघात मागच्या तु वर येत नाही, तो लघूच राहतो. या बारा जोड्यांशी तसंच वागायचं.

यादीत ‘त्ल’ नाही, याकडे लक्ष असू द्या. ‘आत्लेता’ (खेळाडू) स्पेनमध्ये बहुतेक जण आत्-ˈले-ता असा तोडतात, मेक्सिकोत आ-ˈत्ले-ता. तिथे नाउआत्ल भाषेतून आलेल्या शब्दांनी ही जोडी जिभेवर रुळवली आहे. दोन्ही मान्य आहेत, यावर वर्गात वाद घालू नका.

तोडण्याची रीत अशी. पेन्सिलने सगळे स्वर गोल करा. मग दोन स्वरांच्या मध्ये किती व्यंजनं आहेत ते मोजा. एक असेल तर ते पुढच्याला: ˈका-सा. दोन असतील तर फोडा: ˈकार्-ता, लेक्-ˈस्योन्, फक्त वरच्या बारा जोड्या फोडू नका. तीन असतील तर शेवटची दोन त्या यादीत आहेत का पाहा. असतील तर एक मागे, दोन पुढे: कोम्-ˈप्रार् (विकत घेणे), एस्-क्रि-ˈबिर् (लिहिणे), ˈओम्-ब्रे (माणूस). नसतील तर दोन मागे, एक पुढे: इन्स्-ˈतान्-ते, पेर्स्-पेक्-ˈति-बा, ओब्स्-ˈता-कु-लो. चार असतील तर दोन-दोन: इन्स्-त्रुक्-ˈस्योन्, त्रान्स्-क्रि-ˈबिर्.

देवनागरी डोक्यात ठेवून तोडणाऱ्यांसाठी इथे दोन सापळे आहेत. ‘पेर्रो’ (कुत्रा) मधला र्र आपल्याला जोडाक्षर वाटतो आणि हात पेर्-रो करायला जातो. रोमनमध्ये तो दुहेरी ‘एर्रे’ (rr) आहे आणि एकाच ध्वनीची ती खूण आहे, म्हणून पे-र्रो. दुसरा सापळा ‘क्स’. ‘एक्सामेन’ (परीक्षा) मध्ये आपल्याला क आणि स दिसतात, पण लिहिताना ते एकच अक्षर, ‘एकिस’ (x). एक अक्षर मधोमध कापता येत नाही, म्हणून ए-ˈक्सा-मेन्. ‘कोचे’ (गाडी) मधला च रोमनमध्ये दोन अक्षरांनी लिहितात, पण तो आपल्याला मुळातच एक ऐकू येतो. तिथे मराठी माणूस सहसा चुकत नाही.

व्यंजनांचं एवढंच. खरी गंमत स्वरांची.

आ, ए, ओ हे तीन बळकट स्वर. इ आणि उ दुबळे. दोन बळकट शेजारी आले तर कधीच एका तुकड्यात बसत नाहीत: ते-ˈआ-त्रो, पो-ˈए-ता, ले-ˈएर् (वाचणे), ओ-ˈसे-आ-नो. बळकटाशेजारी दुबळा आला, किंवा दोन वेगवेगळे दुबळे आले, तर एकच तुकडा. हे पाठ करण्यापेक्षा शाळेत शिकलेला यण् संधी आठवा. इति आणि आदि मिळून इत्यादि, सु आणि आगत मिळून स्वागत: पुढे वेगळा स्वर आला की इ चा य होतो, उ चा व होतो आणि एक अक्षर कमी होतं. स्पॅनिशमध्ये तेच घडतं. तुम्ही ‘सि-ओन’ असे दोन तुकडे केले, तिथे ‘स्योन’ असा एकच हवा. त्येम्-पो (वेळ), प्वेर्-ता (दार), आ-ग्वा (पाणी), क्वि-दा-दो (काळजी): देवनागरीत य किंवा व चं जोडाक्षर करून लिहिता आलं, की तुकडा एक. दुबळा स्वर मागून आला तर शेवटी य किंवा व ऐकू येतो: ˈबाय-ले (नाच), ˈरेय-ना (राणी), ˈआव-तो (मोटार). संस्कृत संधीचे बाकीचे नियम मात्र इथे आणू नका. आ आणि इ मिळून स्पॅनिशमध्ये ए होत नाही.

हा संधी मोडायचा एकच मार्ग आहे. दुबळ्या स्वरावर जोर आला की तो य किंवा व व्हायला नकार देतो आणि वेगळा तुकडा धरून बसतो. लिहिताना हे दाखवायला त्याच्यावर तिल्दे लागते. ‘फार्मास्या’ (औषधांचं दुकान) आणि ‘पोलिसिआ’ (पोलीस) शेजारी ठेवा. रोमनमध्ये शेवटची तीन अक्षरं तीच, पण पहिल्यात इ वर जोर नाही: फार्-ˈमा-स्या, तीन तुकडे. दुसऱ्यात आहे: पो-लि-ˈसि-आ, चार तुकडे, इ वर तिल्दे. तसेच पा-ˈइस् (देश), ˈदि-आ (दिवस), मा-ˈरि-आ, बा-ˈउल् (पेटी), ओ-ˈइर् (ऐकणे). मधलं ‘आचे’ (h) हे अक्षर उच्चारत नाहीत आणि या हिशोबात ते धरतही नाहीत: प्रोइ-ˈबिर् (मनाई करणे) मध्ये ओ आणि इ एकत्र, तर प्रो-ˈइ-बे (मनाई करतो) मध्ये इ वर जोर, म्हणून तिल्दे, म्हणून वेगळे.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. आपण इंडिया तीन तुकड्यांत म्हणतो. स्पॅनिशमध्ये देशाचं नाव ˈइन्-द्या, दोनच. गोवा स्पॅनिशमध्ये ˈगो-आ, इथे दोन्ही स्वर बळकट, म्हणून दोन तुकडे. मुंबईचं स्पॅनिश नाव बोम्-ˈबाय.

रोमनमध्ये ‘खे’ (g) नंतर उ आणि पुढे ए किंवा इ असेल, तर तो उ मुका असतो. ‘कु’ (q) नंतरचाही तसाच. गि-ˈता-र्रा, ˈके-सो (चीज): उ मोजू नका. त्या उ वर दोन टिंबं असतील तरच तो बोलतो: पिन्-ˈग्वि-नो.

आता जोर. मराठीत जोर इकडचा तिकडे गेला तरी अर्थ बदलत नाही, म्हणून कानाला तो ऐकायची सवयच नाही. स्पॅनिशमध्ये ˈआ-ब्लो म्हणजे मी बोलतो, आ-ˈब्लो म्हणजे तो बोलला. ˈपा-पा म्हणजे अमेरिका खंडात बटाटा, पा-ˈपा म्हणजे बाबा. एका सांगाड्यावर तीन शब्दही उभे राहतात: ˈतेर्-मि-नो म्हणजे संज्ञा किंवा शेवट, तेर्-ˈमि-नो म्हणजे मी संपवतो, तेर्-मि-ˈनो म्हणजे त्याने संपवलं. तुमचे शिक्षक हट्ट धरतात तो यासाठी.

नियम तीन. तुकडे नेहमी शेवटाकडून मोजायचे, आणि तोडणी चुकली असेल तर इथलं सगळंच चुकणार. शब्द स्वराने किंवा न, स ने संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर. इतर व्यंजनाने संपत असेल तर शेवटच्या तुकड्यावर. या दोहोंपैकी काहीच लागू पडत नसेल तर तिल्दे, आणि ती जिथे असेल तिथे जोर. शेवटच्या तुकड्यावर जोर असलेल्या शब्दांना ‘आगुदा’, शेवटून दुसऱ्यावर असेल तर ‘याना’, तिसऱ्यावर असेल तर ‘एस्द्रुहुला’ म्हणतात. एस्द्रुहुलावर तिल्दे हवीच, कारण नियमाने जोर इतका मागे कधी जातच नाही: ˈमु-सि-का, ते-ˈले-फो-नो, ˈमे-हि-को.

न आणि स ला ही सवलत का? नामाचं अनेकवचन स ने होतं आणि क्रियापदाचा ‘ते’ असा कर्ता न ने दाखवतात. ˈका-सा चं ˈका-सास् झालं, ˈआ-ब्ला चं ˈआ-ब्लान् झालं, तर जोर जागचा हलू नये म्हणून ही दोन व्यंजनं स्वरांच्या रांगेत बसवली आहेत. शेवटी ‘ये’ (y) आला तर तो व्यंजन धरायचा, म्हणून एस्-ˈतोय् (मी आहे) आणि बोम्-ˈबाय वर तिल्दे नाही.

वाचताना आणि लिहिताना नियम उलट-सुलट वापरावा लागतो, आणि शिकवताना हे बहुधा राहून जातं. वाचताना आधी तिल्दे शोधा. असेल तर काम संपलं. नसेल तर शेवटचं अक्षर पाहा. लिहिताना जोर कानाला माहीत असतो, प्रश्न तिल्देचा असतो. नियमाने जोर कुठे पडला असता ते मनात काढा. कान आणि नियम जुळले तर तिल्दे नको, जुळले नाहीत तर हवी. ‘आर्बोल’ (झाड): कान सांगतो ˈआर्-बोल्, नियम सांगतो ल ने संपतो म्हणजे शेवटी जोर. जुळत नाही, तिल्दे द्या. ‘पापेल’ (कागद): कान पा-ˈपेल्, नियमही तेच. तिल्दे नको.

याने तुमचा होबेनचा प्रश्न सुटतो. ˈहो-बेन् न ने संपतो, जोर शेवटून दुसऱ्यावर, नियमाप्रमाणे, म्हणून तिल्दे नाही. अनेकवचनात एक तुकडा वाढतो, जोर जिथल्या तिथे राहतो: ˈहो-बे-नेस्. आता तो शेवटून तिसरा झाला, म्हणून ओ वर तिल्दे. ‘एक्सामेन’चंही तसंच: ए-ˈक्सा-मे-नेस् वर तिल्दे येते. उलटंही होतं. एस्-ता-ˈस्योन् वर तिल्दे आहे, एस्-ता-ˈस्यो-नेस् वर नाही. जोर हलला नाही, फक्त शेवटापासूनचं अंतर बदललं. खरोखर जोर हलणारे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. त्यातले दोन तुम्हाला लागतील: का-ˈराक्-तेर् चं का-राक्-ˈते-रेस्, आणि ˈरे-हि-मेन् चं रे-ˈहि-मे-नेस्.

क्रियापदाला शेपूट जोडतानाही हीच गोष्ट. ˈकोम्-प्रा (विकत घे) ला ‘लो’ जोडला की ˈकोम्-प्रा-लो, तिल्दे आली. ‘मेन्ते’ने होणारी क्रियाविशेषणं मात्र वेगळी: मूळ विशेषणाला तिल्दे असेल तर ती तशीच राहते आणि बोलताना दोन जोर पडतात, ˈरा-पि-दा-ˈमेन्-ते.

जोड तुकड्यात तिल्दे कुठे ठेवायची? बळकट स्वरावर: ‘एस्तास्योन’मध्ये ओ वर, ‘ताम्ब्येन’मध्ये (सुद्धा) ए वर. दोन दुबळे असतील तर दुसऱ्यावर, जसं ˈक्वि-दा-ते (काळजी घे) मध्ये इ वर. चुकून बळकटाऐवजी शेजारच्या दुबळ्यावर ठेवली तर आख्खा तुकडा फुटतो.

एका तुकड्याच्या शब्दांना जोर कुठे हा प्रश्नच नसतो, म्हणून तिल्दे नाही. फक्त सारख्या दिसणाऱ्या जोड्या वेगळ्या करायला ती येते. ‘तु’ म्हणजे तिल्देसह तू आणि तिल्देशिवाय तुझा, ‘सि’ म्हणजे तिल्देसह हो आणि तिल्देशिवाय जर. ही आठ-दहा जोड्यांची यादी आहे, सरळ पाठ करा. जुनी पुस्तकं वापरत असाल तर सावध राहा. ‘फ्वे’ (तो गेला), ‘द्यो’ (त्याने दिलं) यांच्यावरची तिल्दे 1950 च्या दशकात गेली. ‘ग्योन’ (संहिता) हा शब्द स्पॅनिश अकादमीने 2010 च्या शुद्धलेखनात एकाच तुकड्याचा ठरवला आणि त्याची तिल्देही काढली.

बोलण्यातली चूक ही नियम माहीत असूनही राहते. जोर द्यायचा म्हटलं की मराठी जीभ स्वर ताणते, आणि मग ‘पापाऽऽ’ असं काहीतरी होतं. स्पॅनिश जोर म्हणजे तो तुकडा थोडा उंच आणि थोडा ठसठशीत. लांबी किंचितच वाढते. बाकीच्या तुकड्यांतले स्वर गिळायचे नाहीत. दुसरी अडचण इंग्रजीतून ओळखीच्या झालेल्या शब्दांची. हॉस्पिटल, डॉक्टर, चॉकलेट, ॲनिमल हे शब्द आपण पहिल्या तुकड्यावर टेकून म्हणतो. स्पॅनिशमध्ये ओस्-पि-ˈताल्, दोक्-ˈतोर्, चो-को-ˈला-ते, आ-नि-ˈमाल्. असे शब्द आधी दुरुस्त करा, कारण अनोळखी शब्दापेक्षा ओळखीचाच जास्त चुकतो.

सरावासाठी नकाशा घ्या. गावांची आणि देशांची नावं सगळे नियम एकत्र तपासतात, आणि अर्थ लक्षात ठेवायचं ओझं नसतं. रोज दहा नावं रोमनमध्ये लिहा, स्वर गोल करा, तोडा, शेवटाकडून मोजा, मग मोठ्याने म्हणा. जोराच्या तुकड्यावर टेबलावर बोट आपटा आणि फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐका: बोट आपटलं तिथेच आवाज चढला का, की नुसता स्वर लांबला? पहिल्या दिवसासाठी ही नावं, उत्तरं झाकून करा. ˈका-दिस् (तिल्दे आ वर), ˈमा-ला-गा (तिल्दे पहिल्या आ वर), से-ˈबि-या, बार्-से-ˈलो-ना, सान्-ˈत्या-गो, पे-ˈरु (तिल्दे उ वर), बो-गो-ˈता (तिल्दे शेवटच्या आ वर), ए-क्वा-ˈदोर्, बा-ˈलेन्-स्या, आल्-मे-ˈरि-आ (तिल्दे इ वर). शेवटची दोन का वेगळी झाली हे स्वतःला मोठ्याने समजावून सांगता आलं, तर दुसऱ्या दिवशी नवी दहा घ्या. नाही आलं, तर फार्मास्या आणि पोलिसिआकडे परत जा.

निबंध लिहिताना लागेल अशी एक गोष्ट. ओळीच्या शेवटी शब्द मोडताना तुकड्यांचेच नियम लागतात, पण दोन स्वर शेजारी असतील तर त्यांच्यात ओळ मोडत नाहीत, ते वेगवेगळ्या तुकड्यांत असले तरी. एकटा स्वर ओळीच्या टोकाला सोडणंही चालत नाही. म्हणून ‘तेआत्रो’ तोडताना ते-आ-त्रो, पण ओळ मोडताना तेआ-त्रो. आणि ‘सुब्रायार’ (अधोरेखित करणे) या शब्दात ब आणि र यादीतली जोडी दिसते, तरी तो सुब्-रा-ˈयार् असाच तोडतात आणि तसाच म्हणतात, कारण ‘सुब’ हा उपसर्ग तिथे वेगळा ऐकू येतो.